गिरणी की गिरणा

रविवारी सकाळी आमच्या गावात जळगावच्या गाड्या येतात. थंडीत जास्तच. नदीकाठच्या मळ्यांत भरताची वांगी होतात, आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांवर ती भाजून तिथेच बांधावर बसून खायची, ही आमच्याकडची चैन आहे. मोठी माणसं वांगी भाजतात, पोरं वाळूत क्रिकेट खेळतात, गळ्यात कॅमेरे अडकवलेले लोक बंधाऱ्याच्या कडेला बदकं बघत बसतात. नगरपालिकेने घाटावर फिरायला फरशीचा रस्ता केला आहे, लाल-पिवळी व्यायामाची यंत्रं बसवली आहेत. पुण्याची माझी नणंद फोनवर म्हणते, "तुमचं बरंय बाई वहिनी, रोजचीच सहल." मी "हो ना" म्हणते. तेव्हा फोन स्पीकरवर असतो आणि मी आमच्या यांच्या अंगाखालची चादर ओढत असते. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण खरं सांगायचं तर कालपरवापर्यंत मला काही जळतही नव्हतं.

माझं माहेर धुळ्याचं. पांझरेच्या पुलावरून शाळेत जायचो, पण पाण्यात उतरायची आमच्या घरात पद्धत नव्हती. लग्न होऊन या गिरणा नदीकाठच्या गावात आले, तर नवरा असा मिळाला की त्याला कोरडं बघायला मिळणं कठीण. आमचे हे तहसील कचेरीत कारकून होते, पण कचेरी ही दोन पोहण्यांच्या मधली सक्तीची विश्रांती, असा यांचा हिशेब. सासूबाईंना यांचं पोहणं खपायचं नाही. भरलेल्या घरातल्या कर्त्या माणसाने डोहात उड्या मारू नयेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून यांनी दळणाचा डबा शोधून काढला. ज्वारीचा डबा सायकलला लावायचा, "गिरणीवर जाऊन येतो" म्हणायचं, डबा गिरणीत रांगेला ठेवायचा आणि तसंच पुढे नदीवर. परत यायचे ते पीठ घेऊन आणि ओल्या केसांनी. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात, आमचे हे भांडं पुढे करून ताक लपवायचे. सासूबाई विचारायच्या, "गिरणीवर गेला होतास की गिरणेवर?" हे म्हणायचे, "दोन्ही एकाच रस्त्याला आहेत." सासूबाई गेल्या, तरी डब्याचं नाटक काही सुटलं नाही. मीही ते चालू दिलं. मला त्यात गंमत वाटायची.

दोन वर्षांपूर्वी यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. जळगावच्या दवाखान्यातून घरी आलो तेव्हा यांच्याजवळ हो, नाही, आणि एक तिसरा शब्द एवढंच उरलं होतं. तो तिसरा शब्द ते दिवसभर म्हणत. जीभ जड, शेवटचं अक्षर तोंडातच विरायचं. "गिर्ण... गिर्ण..." एवढंच ऐकू यायचं.

मुलगा पुण्यात नोकरीला. तो व्हिडिओ कॉलवर यांना बघायचा आणि मला सूचना द्यायचा, कूस बदल, मालिश कर, मीठ कमी कर. उंटावरून शेळ्या हाकायला काही लागत नाही. त्याने हा शब्द ऐकला आणि त्याला भरून आलं. म्हणाला, "आई, बाबांना अजून दळणाची काळजी आहे गं. जन्मभर तेच आणायचे ना." आठ दिवसांत टेम्पोतून घरघंटी आली. दुष्काळात तेरावा महिना. स्वयंपाकघरात आधीच व्हीलचेअर वळत नव्हती, त्यात हे कपाटाएवढं धूड. मी ती यांच्या खाटेसमोर लावून दाखवली, ज्वारी टाकली, पीठ काढलं, चिमूटभर यांच्या तळव्यावर ठेवलं. यांनी तळवा पालथा केला. पीठ चादरीवर सांडलं. मी चादर झटकली आणि घरघंटीवर कापड घालून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, बाईला एवढं कळू नये? दळणाचं नाटक जिने इतकी वर्षं पाहिलं, तिलाच? पण मी कान लावून ऐकतच नव्हते. सकाळ झाली की चादर, मग दात, मग चहा चमच्याने, मग गोळ्या, मग अंग पुसणं. डॉक्टर यांच्या तळपायाला टाचणी लावून विचारायचे, "लागतंय का?" मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीही मान हलवूनच नाही म्हटलं असतं. मला रडू यायचं नाही, राग यायचा नाही, भूकही घड्याळ बघून लागायची. बायका म्हणायच्या, किती खंबीर आहे. मी खंबीर नव्हते, बधिर होते. त्यात फरक असतो, पण तो बाहेरून दिसत नाही.

आमची नदी बारमाही नाही. दिवाळी सरली की पात्रात वाळू आणि डबकी. मग वरच्या धरणातून मधूनमधून पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. आवर्तन सुटलं की चार-दोन दिवसांनी पाणी आमच्या बंधाऱ्याला लागतं, आणि आठवडाभर गावाला नदी मिळते. मग सगळं गाव घाटावर. पुढचं आवर्तन केव्हा, ते कुणालाच सांगता येत नाही.

यंदा मार्चमध्ये आवर्तन सुटलं, त्या दिवशी यांचा पोहण्यातला जुना जोडीदार घरी आला. तो शिंपी आहे, गावात त्याला सगळे आबा म्हणतात. यांच्या आजारपणात तो महिन्यातून एकदा यायचा, खाटेशी बसायचा, गावच्या बातम्या सांगून उठायचा. त्या दिवशी बोलता बोलता म्हणाला, "भाऊ, वरून पानी सोडं बरं का." हे एकदम "गिर्ण, गिर्ण" करायला लागले. डावा हात खाटेच्या दांडीवर आपटायला लागले. मी सवयीने म्हटलं, "दळण झालंय हो, डबा भरलेला आहे."

आबा माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "वैनी, तो गिरनी नही म्हनी ऱ्हायना. गिरना म्हनी ऱ्हायना. त्याले पीठ नही जोयजे, पानी जोयजे."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी डोळे मिटले होते आणि डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे चाललं होतं. मला त्या क्षणी काही तरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. मी पदराने तो डोळा पुसला, कारण कान ओला राहिला की यांना ठणका लागतो.

आबा म्हणाला, "आम्ही चार जन शेतस. खुर्चीवर उचली नदीवर लई जासूत. बठ्ठं आम्ही दखी लिसूत. तुम्ही फक्त हा म्हना." सगळं तेच बघून घेणार होते, माझा फक्त होकार हवा होता.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गार पाण्याने छाती धरली तर निभावणं कठीण, मी सल्ला देणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मुलगा म्हणाला, "आई, वेड लागलंय का?" दोघांचंही बरोबर होतं. इकडे पाणी बंधाऱ्याला लागलं. घाटावरचा आरडाओरडा आमच्या खिडकीत यायला लागला, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटायचे. आबा रोज दारात येऊन माझ्या तोंडाकडे बघून परत जायचा. मग एक दिवस तो म्हणाला, "वैनी, वरून पानी बंद कयं. उद्या-परवा उतरी जाई." मी हो म्हटलं. प्रेमाने म्हटलं असं लिहिलं तर छान दिसेल. पण नाही म्हणायला जो जोर लागतो तोच माझ्यात उरला नव्हता.

ऊन चांगलं तापल्यावर त्या चौघांनी यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, उपरण्याने छातीशी बांधून, घाटावर नेलं. मी मागून टॉवेल, कोरडे कपडे आणि थर्मास घेऊन. व्यायामाच्या यंत्रांवर लोंबकळणारी पोरं खाली उतरून मागोमाग आली. पाण्याशी उपरणं सोडलं, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब यांच्या काखेत सरकवली आणि चौघांनी यांना अलगद आत घेतलं. आबाने मानेखाली हात दिला. थोड्या वेळाने तो हातही हळूच काढला. हे तरंगत होते. पाण्यात उजवी बाजू कुठली आणि डावी कुठली, काही कळत नव्हतं. यांनी डोळे उघडून आभाळाकडे पाहिलं आणि हसले. अर्धं तोंड वाकडं, तरी हसले.

आणि मला राग आला. दोन वर्षांत काहीतरी आलं, आणि नेमका रागच आला. दोन वर्षं मी यांचं अंग पुसलं, नखं काढली, घास भरवले. एकदाही तो चेहरा मला मिळाला नव्हता. नदीने काय केलं होतं? ती तर मुळात असते कुठे? धरणवाल्यांनी सोडली तर येते. मी पायरीवर थर्मास दाबून बसले होते आणि माझे कान तापले होते.

बराच वेळ झाला. यांचे ओठ निळसर दिसायला लागले. आबा म्हणाला, "भाऊ, चला आते." यांनी मान हलवली. दुसऱ्याने ट्यूब ओढली, तर डाव्या हाताने पाणी मारून हे परत आत सरकले. आबा माझ्याकडे वळून म्हणाला, "वैनी, तुम्ही हाक मारा. आमनं ऐकत नही."

हाक कसली मारायची? मी चपला काढल्या आणि साडीसकट पाण्यात उतरले. चांगलं ठणकावून सांगायचं होतं मला, की पुरे झालं, मला घरी कामं पडली आहेत. इतकी वर्षं या गावात राहून मी घोट्याच्या वर कधी गेले नव्हते. पाणी गुडघ्याला आलं, मांड्यांना आलं, साडी पायात गुंडाळायला लागली. मी यांच्यापाशी पोचले, "अहो" म्हटलं, आणि शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय सटकला.

माझ्या मनगटाला हिसका बसला. यांनी डाव्या हाताने मला धरलं होतं. त्या एका हातात सगळा जोर आला होता, बोटं हाडापर्यंत रुतत होती. आणि हे म्हणाले, "सांभाळ."

स्पष्ट म्हणाले. आबाने ऐकलं, बाकीच्यांनी ऐकलं. मी उभी राहिले तरी यांनी हात सोडला नाही. मी ठणकावून सांगणार होते ते काही मला आठवेना.

घरी आल्यावर मी यांचं अंग पुसलं, छातीला गरम तेल चोळलं, दोन गोधड्या घातल्या. पुन्हा बोलवायला बघितलं, पण तोंडातून आवाजच आला, शब्द आला नाही. मुलाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, सगळं ठीक आहे. तो शब्द मी त्याला सांगितला नाही. संध्याकाळपर्यंत मनगट सुजलं, चार बोटांचे वळ काळेनिळे उठले. शेजारीण म्हणाली, "अहो, बाम तरी लावा." बाम कपाटातच होता. मी लावला नाही. मनगट दुखत होतं. चांगलंच दुखत होतं.