रिकामी पास केलेली लिफ्ट

लिफ्टची तपासणी करणाऱ्या मास्तरांचा कामात एक हट्ट होता: रिकामी लिफ्ट पास करायची नाही. आत वजनं भरायची, वरखाली फिरवायची, मगच सही.

त्यांचे थोरले भाऊ चालताबोलता गेले. हृदयाचं दुखणं कुणाला कळलंच नव्हतं. त्यामुळे जिना चढताना छाती जड व्हायला लागली, तसे मास्तर गुपचूप हृदयाची सोनोग्राफी करून आले.

"एकदम ठणठणीत!" घरात पाऊल टाकताच त्यांनी जाहीर केलं.

"तपासलं कसं?" बायकोनं विचारलं.

"कसं म्हणजे? आडवं झोपवून."

"म्हणजे रिकामीच पास केलीत की हो!"

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सरकत्या पट्ट्यावर दम लागेपर्यंत चालवलं, लगेच झोपवून पुन्हा सोनोग्राफी केली आणि दोन्ही वेळची हलती चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. मास्तर भीती विसरून पुढं सरकले. आधीच्या चित्रात सगळं हृदय एका तालात आकसत होतं. चालल्यानंतरच्या चित्रात मात्र खालची एक भिंत कामचुकार गड्यासारखी मागं रेंगाळत होती.

"हिला काय झालं?"

"तिची रक्तवाहिनी अरुंद झाली असावी, काका. बसल्या जागी पुरतं, दमल्यावर रक्त कमी पडतं. लवकर सापडलं, औषधं आजच सुरू करू. पुढची तपासणीही करू."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, रडतेस काय? दादाचं कुणाला दिसलंच नाही," मास्तर म्हणाले आणि डॉक्टरीणबाईंकडे वळले. "ताई, परत लावा ना जरा. हिलाही बघू दे."