इंदापूरच्या कॉम्प्युटरचं दार

आमच्या दूध डेअरीत सारजाइतकी चिवट बाई मी पाहिली नाही. वरकुट्याच्या मेंढपाळ घरातली ही मुलगी बारामतीला दुधाचं फॅट तपासायला लागली आणि सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत बसून लिनक्स ही फुकटात मिळणारी सिस्टिम शिकली. मी शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस. "बाई, म्हशी सोडून हे कसलं खूळ?" असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "भाऊसाहेब, म्हस लाथ मारती. ह्ये न्हाय मारत."

१९९९च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानंही लाथ मारली.

इंदापूरच्या आमच्या केंद्रातला कॉम्प्युटर बारामतीत बसून चालवायचा, हे सारजाचं काम. फोन लावायचा, मोडेम चिरचिरायचा, नाव आणि पासवर्ड टाकला की तिकडच्या दुधाचे आकडे इकडच्या पडद्यावर. त्या दिवशी फोन लागला, पण नाव विचारायच्या आधीच उत्तर आलं, जोडणी नाकारली.

मॅनेजर केशवराव लिनक्सवर आधीपासूनच खार खाऊन होते. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला फोन केला आणि तिथून अनय नावाचा इंजिनिअर जीपनं निघालाही. इंदापूरला पोचून तो सगळं पुसणार, कंपनीची सिस्टिम टाकणार आणि ती चालवायला माणूसही कंपनीचाच बसणार. "सारजाबाई, तुम्ही उद्यापासून परत फॅटला," केशवराव म्हणाले. तिचं तोंड बघवेना. साहेबांचा मला असा राग आला म्हणता!

सारजा रडली नाही. म्हणाली, "साहेब, मशीन मेलं असतं तर उत्तरच आलं नसतं. न्हाय म्हणतंय म्हंजी आत कुणीतरी जागं हाय. आपण भलतंच दार ठोठावतोय."

कॉम्प्युटरला पोर्ट असतात, म्हणजे नंबर घातलेली दारं, आणि लॉगिनचं दार तेविसाव्या नंबरचं, एवढं तिनं माझ्याकडूनही घोकून घेतलं होतं.

इंदापूर केंद्राचा फोन एकच, तोही मोडेमला जोडलेला. म्हणून तिनं केंद्राशेजारच्या एसटीडी बूथवर फोन करून केंद्राच्या राखणदाराला, तात्याबांना, बोलावून घेतलं आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर लावला. लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी लावून मशीन चालू ठेवण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता.

"तात्या, मशीनला काय केलं?"

"काय बी न्हाय. पूजा केली."

"बंद केलंवतं?"

"मग! खंडेनवमीला अवजारं चालवत्यात व्हय? बंद केलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. आज सकाळी चालू केलं."

"बघा, हळद गेली असणार आत," केशवराव कडाडले. सारजा मात्र कपाळावर हात मारून हसत सुटली. मला वाटलं, गेली ही कामातून.

झालं होतं ते असं. बाहेरच्या कुणी घुसू नये म्हणून उन्हाळ्यात तिनंच दाराचा नंबर बदलून २३२३ केला होता. तरी जुनंच दार उघडत राहिलं, तेव्हा आपल्याला जमलं नाही असं समजून ती ते विसरून गेली. पण मशीन तो नंबर वाचतं चालू होताना, आणि तात्याबांनी खंडेनवमीपर्यंत ते बंदच पडू दिलं नव्हतं.

तिनं पुन्हा फोन लावला, पत्त्यापुढं २३२३ टाकलं, आणि पडद्यावर लॉगिन हजर! मी एवढ्या जोरात ओरडलो की फॅटवाल्या बायका धावत आल्या.

"योगायोग," केशवराव म्हणाले. "उद्या परत अडलं तर?"

सारजानं बूथवर फोन फिरवला. "तात्या, मशीन परत बंद करा आन् चालू करा."

 उघडलेलं दार सुखासुखी लावून घेतं का कुणी? पण ती मशीन चालू होईपर्यंत थांबली आणि सगळ्यांसमोर पुन्हा फोन लावला. पहिल्या फटक्यात लॉगिन आलं.

"मग चूक कोणाची?" केशवरावांनी विचारलं.

"माजी, साहेब. तात्यांची पूजा बरोबरच हुती."

मी असतो तर हळदीवर ढकलून मोकळा झालो असतो. अभिमान वाटला मला तिचा.

केशवरावांनी टेबलावरचा दुसरा फोन पुढं ओढला. मग पुण्याकडच्या जीपा भिगवणला ज्या हॉटेलात मासे खायला थांबतात, तिथं फोन लावला. "अनय आहे ना? त्याला सांगा, पोटभर जेव आणि तिथूनच पुण्याला परत जा. इथं आमचं माणूस आहे."

हे बोलून ते वळले, तर आमचं माणूस इंदापूरच्या सकाळच्या दुधाचे आकडे उतरवून घेण्यात गढून गेलं होतं. तिनं ऐकलंसुद्धा नाही.