‘या जेवायला’ म्हटलं आणि माणसं आली

कुणी बघत असताना मला घास गिळता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. लग्नाच्या पंगतीत बसायची वेळ आली तर मी भिंतीकडची कडेची जागा धरते आणि आमटीत बुडवलेली बोटं तशीच ठेवून सगळे उठायची वाट बघते. म्हणून घरातल्यांची जेवणं उरकली की मी माझी भाकरी घेऊन गोठ्यामागं जाते. तिथं शेवग्याखाली एक सपाट दगड आहे. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला म्हैस. म्हैस बघते, पण तिचं बघणं चालतं. दिवसभरात तेवढाच वेळ मला कुणी हाक मारत नाही.

सून सांगलीकडची. मुलगा साताऱ्याला कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे ती दिवसभर फोन घेऊन एकटीच. तिनं फोनवर स्वतःचं चॅनल काढलं होतं. रांगोळी दाखवून झाली, साडीच्या निऱ्या दाखवून झाल्या. बघणारं कोण, तर तिची आई, तिची मावशी आणि कुठलासा एक सोफासेटवाला. तो प्रत्येक व्हिडिओखाली गुलाबाचं फूल टाकायचा. निऱ्यांनाही गुलाब आणि रांगोळीलाही गुलाब.

एका दुपारी ती फोन समोर धरून गोठ्याच्या कोपऱ्यावरून आली. माझ्या हातात भाकरीचा तुकडा. मी पदर नाकापर्यंत ओढला. पण आपण जेवतोय आणि कुणी समोर आलं तर माणूस काय म्हणणार?

“या जेवायला,” मी म्हटलं. कुणाला म्हटलं ते मलाही ठाऊक नाही. समोर फोन होता, त्याला म्हटलं असेल.

संध्याकाळी सून धावत चुलीपाशी आली.

“आत्या, लय माणसं बघाय लागल्यात!”

“काय बघाय लागल्यात?”

“तुमी जेवताय ते.”

माझे कान तापले. तिनं फोन माझ्या हातात दिला. मी चौथीपर्यंत शिकलेय, अक्षराखाली बोट धरलं की वाचता येतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, आलोच काकू. ताट वाढा, निघालोय. मी पण येतोय, मिरची जास्त ठेवा.

मी फोन परत दिला आणि परातीत पीठ घेतलं. भाकऱ्यांची चळत वाढायला लागली तशी सून म्हणाली, “आत्या, एवढ्या कुणाला?”

“निघाल्यात म्हणत्यात की.”

ती हसून हसून खालीच बसली. “आवं, ते नुसतं लिवायचं असतंय. खरं कोण येतंय व्हय?”

त्या भाकऱ्या म्हशीला गेल्या.

पण तेच सगळं आमच्या मालकांनीही वाचलं. ते फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्या लेखी बोललं ते बोललं. “आमंत्रण दिलं न् पत्ता दिला न्हाई, ही कुठली रीत?” म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटानं एकेक अक्षर दाबत प्रत्येक ‘आलोच’खाली लिहून टाकलं, औंधच्या रस्त्याला पाण्याची टाकी लागेल, तिथून डावीकडे वळावे, निळे गेट, कुत्रे बांधलेले आहे.

आणि माणसं आली.

आधी मोटरसायकलवरून सांगलीची दोन पोरं आली. ताटाबरोबर फोटो काढून, पोटभर जेवून गेली. मग महाबळेश्वर बघून परत निघालेलं एक कुटुंब वाट वाकडी करून आलं. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून त्यांनी स्ट्रॉबेरीचे डबे आणले. ते फोटोत दिसले, तेव्हापासून येणारा जो तो स्ट्रॉबेरी घेऊनच यायला लागला. फडताळात स्ट्रॉबेरी, देवळीत स्ट्रॉबेरी. शेवटी म्हशीनंही तोंड फिरवलं.

मालकांना मात्र नवं बळ आलं. त्यांनी पेटीतली शिट्टी काढून गळ्यात अडकवली. “पहिली पंगत, बसाऽ! दुसरी पंगत सावलीला! कांदा एकेकच घ्या, पुन्हा मिळंल!” रिटायर झाल्यापासून त्यांना हुकूम द्यायला मी आणि म्हैस एवढ्याच होतो, आणि आम्ही दोघी तशा ऐकण्यातल्या नव्हतो.

मी आत चुलीपाशी, दाराआड. पण माणसं ताटावर बसून राहायची. “काकू कुठं हायत? त्यांनी म्हणल्याबिगर घास कसा घ्यायचा?”

तेव्हा शेजारच्या घरातली माझी थोरली जाऊ उभी राहिली. “तू बस आत. मी हुते तू.” ती नाकापर्यंत पदर ओढून माझ्या दगडावर जाऊन बसली. पण तिचा आवाज पलीकडच्या शिवारातली गुरं माघारी फिरवणारा.

“या जेवायलाऽऽ!”

शेवग्यावरचे कावळे उडाले. एक बाई म्हणाली, “व्हिडिओत आवाज लहान होता.”

“आवं, तवा घसा बसल्याला. आता बरा झालाय,” जाऊबाई म्हणाल्या.

लोकांनी मान डोलावली आणि दगडावर बसून फोटो काढायला रांग लावली. माझाच दगड. मला जेवायला जागा उरली नाही. मी माझी भाकरी धान्याच्या खोलीत, कणगीआड, अंधारात उभ्यानं खायला लागले. एकदा तिथंही दार उघडलं. मोरी शोधत आलेली कुणी पाहुणी होती. माझ्या तोंडात घास, आणि तोंडून निघालं, “या जेवायला.”

ती थबकली. मग “हीच ती! खरी हीच!” असं ओरडून गव्हाच्या पोत्यावर बसली आणि माझ्या हातातली अर्धी भाकरी मोडून घेतली.

त्या संध्याकाळी मी सुनेला म्हटलं, “मला माझी दुपारची भाकरी परत दे. बाकी कायबी कर.”

ती म्हणाली, “आत्या, तुमी बंद केलंसा तर ही सगळी माणसं जातील. मग पुन्हा आई, मावशी न् त्यो सोफासेटवाला.”

तिचे डोळे भरले होते. मी परात पुढं ओढली. नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा वर्षभर मी मोकळेपणानं बोलले असेन तर फक्त म्हशीशी. आत्ताची नव्हे, तेव्हाची दुसरी होती.

मालक तर ऐकेचनात. “शब्द दिलाय. आता मागं हटायचं?”

पीठ मळता मळता मला सुचलं. “आवं, मी म्हणलं त्यात काय चुकलं न्हाई. त्यांनी जबाब द्यायचा ऱ्हायलाय.”

“कसला जबाब?”

“तुमी वाटंनं निघालाय, न् कोण वसरीत जेवतंय. त्यानं ‘या जेवायला’ म्हणलं तर तुमी काय म्हणता?”

“तुमचं जेवण हुं द्या सावकाश, म्हणतो.”

“न् मग?”

“मग काय, जातो की पुढं.” गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी खुंटीला अडकवली.

हेच नव्या व्हिडिओत सांगायचं ठरलं. जाऊबाईंना बोलायला सांगून बघितलं, पण सून म्हणाली, आता आवाज लोक ओळखतात. म्हणजे मीच. फोनकडं बघून माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मी फोनकडं पाठ केली आणि म्हशीला सांगितलं. “आमच्याकडं कुणी ‘या जेवायला’ म्हणलं की म्हणायचं, हुं द्या सावकाश. न् आपल्या वाटंनं जायचं. बोलवणाऱ्याचाबी मान ऱ्हातो, जाणाऱ्याचाबी.” म्हशीनं कान हलवला. तेही व्हिडिओत आलंय.

त्यानंतर जेवायला कुणी आलंच नाही. खाली नुसतं हुं द्या काकू, हुं द्या काकू. सुनेची माणसं कमी तर झाली नाहीतच, पहिल्यापेक्षा वाढली. सोफासेटवाल्यानंही गुलाबाबरोबर हुं द्या लिहिलं.

आता मला वेगळाच ताप झालाय. साताऱ्यात रिक्षावाल्याला मी स्टँडला चला म्हणून सांगितलं, तर शेजारची बाई आवाज ऐकून वळली आणि म्हणाली, “हुं द्या सावकाश!” माझ्या हातात औषधाची पिशवी होती. यमाईच्या रांगेत तर पुजाऱ्यानंच म्हटलं. मी नारळ पुढं केला होता.

पण दुपारी दगड माझा असतो. रस्त्यावर गाडी हळू होते, कुणीतरी ओरडतं, “काकू, हुं द्या सावकाशऽ!” आणि गाडी निघून जाते. मी वळत नाही, नुसता डावा हात वर करते आणि पुढचा घास मोडते. जाणाऱ्या माणसाच्या देखत मला गिळता येतं, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. म्हैसही मान वर करून रस्त्याकडं बघते. तिला वाटतं, हाक तिलाच आहे. व्हिडिओत तोंड तिचंच दिसतं ना.