उजव्या हाताचा मोर्स

ईशान, मुक्ता... तुम्ही दोघं या ऑनलाइन पानावरचे भुतांचे अनुभव वाचून आजीला फोनवर हसत सांगता, म्हणून इथंच लिहिते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. कॉलेजात इंग्रजी शिकवताना कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सांगितल्या, तर मी "पुरावा काय?" एवढंच विचारायची. आज तोच प्रश्न मला कुणी विचारला तर काय सांगू, ते कळत नाही.

बुलढाण्यातलं आपलं घर तुम्ही पाहिलंय. पुढच्या खोलीत आबांचा पलंग, मधे स्वयंपाकघर आणि मागे रेडिओची खोली. तिथल्या टेबलावर दोन जुने लोखंडी डबे आहेत – एक ऐकायचा रिसीव्हर, दुसरा पाठवायचा ट्रान्समीटर. आबांनी ते तरुणपणी भंगारातले भाग आणून जोडले होते. लग्नानंतर मलाही मोर्स, म्हणजे लांब-आखूड खुणांची तारेची लिपी, शिकवला, हौशी रेडिओच्या लायसन्सच्या परीक्षेला बसवलं. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. आबांची अक्षरातली शेवटची लांब खूण नेहमी जरा जास्त रेंगाळायची. शिवाय त्यांच्या ट्रान्समीटरला एक खोड होती – खुणा पाठवायची कळ, म्हणजे ‘की’, दाबली की सूर किंचित घसरायचा, चिमणी चिवचिवल्यासारखा. दुरुस्त करा म्हटलं की म्हणायचे, "राहू दे, लोक मला त्यावरूनच ओळखतात."

अर्धांगवायूचा झटका आला आणि आबांचा उजवा हात गेला, वाचा गेली. नजर छताला. डॉक्टर म्हणाले, किती समजतं ते सांगता येत नाही. तुमच्या बाबांनी कॅनडातून फोन करून नाशिककडच्या एका वृद्धसेवा केंद्रात जागा ठरवली. गाडी सोमवारी येणार होती. मीही हो म्हटलं होतं, कारण त्यांना एकटीनं कुशीवर वळवणं मला जमेनासं झालं होतं. पण जाण्याआधी ओळखीचा आवाज कानावर पडला तर कदाचित काही हालचाल होईल... म्हणून सेट चालू करायचं ठरवलं.

मदतीला जळगाव जामोदहून सुधाकर भाऊजी आले, आबांचे धाकटे भाऊ. जन्मभर तारखात्यात, मोर्स त्यांच्या हाडात. जेवणं उरकून दुपारी आम्ही झाकणं उघडली. मी प्रत्येक स्क्रू स्पिरिटनं पुसून वाटीत ठेवत होते.

"वहिनी, स्क्रूले आंघोळ घालून राह्यल्या काय? आता पावडर-कुंकूबी लावा!"

"तुम्ही टाकलेले तीन टेबलाखालून मीच उचललेत, भाऊजी."

एरियलच्या जागी आम्ही साधा बल्ब लावला होता. ट्रान्समीटर ठीक असेल तर की दाबताच तो लागतो, आणि आवाज गावभर जात नाही. बल्ब काही लागेना. मग भाऊजींनी ट्रान्समीटरचा प्लग काढला, मुख्य व्हॉल्व्ह, ती दिव्यासारखी काचेची नळी, उपसून स्टीलच्या ताटलीत ठेवला, कीची वायरही सोडवली. एकेक भाग तपासायचा, ही आबांचीच पद्धत. रिसीव्हर तेवढा चालू ठेवला. त्यातून नुसती खरखर येत होती.

भाऊजी वायर सोलता सोलता म्हणाले, "वहिनी, एक सांगू? दादाले जाऊ द्या तिकडं. तुमच्यानं होत नाही आता. अन् दादाले काय समजून राह्यलं? घर काय अन् नाशिक काय, त्याले सारखंच."

मी म्हटलं, "हो. ठरलंच आहे ते."

आणि बल्ब लागला.

प्लग माझ्यासमोर टेबलावर पडला होता. व्हॉल्व्ह ताटलीत. तरी बल्ब लागत होता, विझत होता... आणि त्याच तालात रिसीव्हरमधून सूर येत होता. घसरणारा. चिमणीसारखा. भाऊजींच्या हातातला चाकू खाली पडला. आम्ही दोघंही सवयीनं अक्षरं मोठ्यानं म्हणू लागलो, एकाच वेळी – "ए... एस... के..." मग जरा थांबून, "एम... ई." एमची शेवटची खूण रेंगाळली, तशीच, नेहमीसारखी.

आस्क मी. मला विचारा.

बल्ब विझला. पुन्हा खरखर.

"हा... हा तं दादाचा हात आहे," भाऊजी म्हणाले. "वहिनी, प्लग कुठं हाय? प्लग पाहा न!"

प्लग मी केव्हाच हातात घट्ट धरला होता.

आम्ही पुढच्या खोलीत धावलो. आबा तसेच. नजर छताला. मी जवळ बसले. डॉक्टरांना विचारलं होतं, तुमच्या बाबांना विचारलं होतं, नाशिकच्या केंद्रातल्या बाईंना फोन करून चादरी-उशांचंसुद्धा विचारलं होतं. त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हटलं, "अहो, तुम्हाला नाशिकला जायचंय का?"

भाऊजी दारात रडत उभे. मग माझ्या तळव्यावर त्यांचं बोट टेकलं. लांब, आखूड. थांबलं. लांब, लांब, लांब.

नो.

गाडी मी तेव्हाच रद्द केली. तुमच्या बाबांचं आणि माझं फोनवर भांडण झालं ते तुम्ही ऐकलंच असेल. आता दिवसा एक बाई मदतीला येतात, आणि आबा बोटानं पाणी मागतात, पंखा मागतात, परवा मला "चहा गार" असंही कळवलं.

भाच्यानं, तो इंजिनिअर आहे, साठलेली वीज वगैरे सांगून पाहिलं. बल्ब एकदा लुकलुकेल म्हणाला. पाच अक्षरांचं त्यालाही सांगता आलं नाही. त्या दुपारचं आबांना विचारलं, तर बोट हललं नाही.

आता बोटानं बोलतो तो डावा हात आहे. आयुष्यात त्यांनी त्या हातानं कधी की धरली नव्हती. त्याचा मोर्स लहान मुलाच्या अक्षरासारखा आहे, अडखळणारा. त्याला रेंगाळणं-बिंगाळणं काही नाही. त्या दुपारी आम्ही ऐकला तो त्यांचा उजवा हात होता. तो तर तेव्हाही चादरीवर पडून होता, आणि आत्ता हे लिहिताना माझ्या मांडीवर आहे... थंड, निपचित. मी रोज त्याची बोटं मोकळी करून तेल लावते. एकही हलत नाही.