पेट्याचा मान

भूगावात देवानंतर घाबरावं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे आमच्या घरमालकीण आक्का. आणि देव निदान भाडेकरूच्या खोलीत शिरून पातेल्यांवरची झाकणं तरी उचलत नाही. आक्का उचलायच्या. दार वाजवणं वगैरे त्यांना मान्यच नव्हतं. पदर सावरत सरळ आत यायच्या, वास घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या. मी सोलापूरचा, त्यामुळे माझा निकाल ठरलेला: "तुमच्याकडं शेंगदान्याबिगर काय पिकतंय का न्हाई रं?" शेजारच्या नव्या नवरीच्या वरणात पळी फिरवून एकदा म्हणाल्या, "ह्यात डाळ कुटं हाय?" ती बिचारी माहेरी जाऊन वरण शिकून आली.

त्यांना पुरून उरला तो वाफुला. दोन हजार तीन-चारच्या सुमारास केनियाहून पुण्यात शिकायला आलेला, आक्कांकडेच खोली घेतलेला हा मुलगा इतका उंच, की आमच्या दारातून वाकूनच आत यायचा. पहिल्याच रविवारी त्यानं उकळत्या पाण्यात पांढऱ्या मक्याचं पीठ वैरलं आणि लाकडी दांड्यानं असं काही घाटायला घेतलं, की आवाजानं आक्का धावत आल्या. त्या घट्ट गोळ्याचं नाव उगाली. ती पोटात गेल्याशिवाय त्याच्या गावी म्हणे कुणी जेवलो असं म्हणतच नाही. त्यानं दाखवलं तसा आक्कांनी घास तोडला, अंगठ्यानं खळगा पाडला, त्यात पालेभाजी भरली आणि तोंडात टाकला. "मीठ इसरलास," निकाल आला. ह्यात मीठ घालतच नाहीत, असं त्यानं खुणेनं सांगितलं. "मग शिजवता तरी कशापायी?" असं म्हणत आक्कांनी भांडं रिकामं केलं. तेव्हापासून त्यांनी त्याला मराठी शिकवायला घेतलं, शिव्यांसकट, आणि हा कॉलेजात प्राध्यापकांना 'व्हय' आणि 'न्हाई' करू लागला.

मात्र एका बाबतीत आक्का गप्प होत्या, आणि त्याचा मला भारी राग यायचा. त्यांचे दोघे लेक घर बिल्डरला द्यायला निघाले होते. जागा आक्कांच्या नावावर, पण बोलणी त्यांना वगळून. "आईचं काय, सही करील ती," थोरला सगळ्यांदेखत म्हणायचा.

वाफुला परीक्षेत पास झाला तेव्हा त्यानं आक्कांचीच गावरान कोंबडी मागून घेतली आणि सगळ्या घराला जेवायला घातलं. थोरल्यानं नेमकं त्या दिवशी बिल्डरला आणलं होतं, कागदांसकट. वाफुलानं वाढायला घेतलं. थोरल्यानं ताट पुढे केलं, तर हा त्याला ओलांडून गेला आणि कोंबडीचा अख्खा पेटा, पोटातला तो चिवट गोळा, आक्कांच्या ताटात ठेवला.

आक्का भडकल्या. "कोंबडी माजी, घर माजं, आन् मला पेटा? तंगडी कुनासाठी ठिवलीस रं मुडद्या?"

"आमच्यात पेटा घरधन्यालाच देत्यात," वाफुला म्हणाला. "बायकांना देतच न्हाईत."

बिल्डर हसला. "अरे, मग धनी हे दादा नाहीत का?"

"न्हाई. भाडं ह्या वाडवत्यात, पाणी ह्या बंद करत्यात. मग धनी कोन?"

आक्कांनी पेटा उचलला आणि तोंडात टाकला. पेटाच तो, लवकर चावला जाईना. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. शेवटी गिळून त्या म्हणाल्या, "कागद उचला ते. जेवत्या ताटापाशी कागद ठेवत न्हाईत आमच्यात."

त्यानंतर किती तरी वर्षं ते कागद त्या घरात आले नाहीत. दर रविवारी पेटा मात्र आक्कांच्या ताटात यायचा, लेक कितीही धुसफुसले तरी.

पुढे वाफुला मायदेशी गेला, आक्कांचे गुडघे गेले आणि एक दिवस त्यांनी आपणहून सही केली. परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. जुन्या घराच्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. सूनबाई चांगली आहे, आग्रह करून वाढते. दुकानातून साफ करून आणलेली कोंबडी शिजत होती. आक्का भिंतीला धरून ओट्यापाशी गेल्या, झाकण उचललं आणि बराच वेळ रश्शात पळी फिरवत राहिल्या.

"वाफुलाचा फोन येतो का रं तुला?" त्यांनी विचारलं.

"येतो की."

"मग त्येला सांगू नगंस," झाकण ठेवत त्या हळूच म्हणाल्या, "पन हितल्या कोंबडीला पेटाच नसतोय."