होडीचा झोका

पाय मोडला आणि आई प्लास्टरसकट दारातल्या खाटेवर येऊन पडली. बाबांची बोट लागली की किनाऱ्यावर सगळ्यात आधी हजर असणारी बाई ती. चिखले गावातल्या आमच्या घरात बसून तिने मला सळो की पळो करून सोडलं. शेवटी मी माझा टॅब तिच्या हातात दिला आणि माझा आवडता खेळ लावून दिला.

खेळ जत्रेसारख्या एका बागेचा. पाळणे उभारायचे, वाटा आखायच्या, कामाला माणसं लावायची. बुद्धिबळासारखी पाळीपाळीने चाल यात नसते. आपण विचार करत बसलो तरी फाटकातून लोक येतच राहतात, कुणाला तहान लागते, कुठे रांग तुंबते. मी यात स्वतःला मोठी सेनापती समजायचे. आईने दोन दिवसांत माझं सेनापतिपद काढून घेतलं. "झोक्यातून उतरलं की चक्कर येते माणसाला. बाकडं तिथं पायजे, इथं कशाला ठेवलंस?" बाकडं हललं आणि बाग खरोखरच सुधारली.

एकच गोष्ट तिला चालायची नाही. त्या बागेतला होडीच्या आकाराचा मोठा झोका माणसांसकट वर गेलेला असताना मी खेळ थांबवला की ती कळवळायची. "अगं, लटकलीत ना ती! आधी उतरव त्यांना." मी हसायचे. चित्रातली माणसं ती, त्यांना काय होतंय!

त्या दिवशी बाबांची बोट सकाळच्या भरतीला यायची होती. दुपार झाली तरी पत्ता नाही, फोन लागेना. आई टॅब घेऊन बसून राहिली, जेवलीसुद्धा नाही. दारातून समुद्र दिसत होता. ऊन पांढरं झालं होतं, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास संथपणे घरात येत होता, आणि तिच्या मांडीवर ती इवलीशी होडी वर जायची, खाली यायची. बघता बघता मलाही कळेना, मी कुठल्या होडीकडे बघतेय.

"ठेव आता तो टॅब," मी वैतागून म्हटलं. खरं तर मला भीती वाटत होती.

"होडी वर आहे," ती म्हणाली.

उन्हं उतरताना बाबा दारात आले. अंगावरचं मीठ वाळून पांढरं झालं होतं. "इंजिन बंद पडलं. दुसऱ्या बोटीनं ओढत आणलं." आईने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं, "जेवायला बसा," एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली.

टॅब खाटेवर तसाच पडला होता. झोका चालूच होता. मी तो खाली आणला, शेवटचं माणूस उतरेपर्यंत थांबले आणि मगच खेळ बंद केला.