कानात नाव सांगण्याआधी

"बेन, रिपोर्ट आलाय. रुबेलाचं आयजीएम पॉझिटिव्ह आहे."

बाळांचे डॉक्टर गुजराती, मी मराठी, आणि आमचं बोलणं चाललं होतं हिंदीत. तिन्ही भाषांत मला त्या वाक्याचा अर्थ लागला नसता. मुलगी जन्मून तीन आठवडे झाले होते आणि ती अजून काचेच्या पेटीत होती. वजन कमी, अंगावर जांभळे ठिपके, छातीत आवाज.

डॉक्टरांनी समजावलं. आयजीएम म्हणजे नवीन संसर्ग झाल्यावर शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं. आईची ही प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे बाळाच्या रक्तात सापडली तर ती बाळाचीच. त्याने ती लढाई पोटात असतानाच लढलेली असते.

"तुम्हाला गरोदरपणात पुरळ आलं होतं?" त्यांनी विचारलं.

आलं होतं. कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. ज्यांच्यावर ही वेळ येऊ शकते त्यांच्यासाठी ते सांगते. ज्यांना वाईट वाटेल त्यांनी वाटून घ्यावं.

मला दुसरा महिना होता. आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत सांगायचं नाही, नजर लागते. अशात सासूबाईंच्या मावसभावाची बारडोलीला वास्तुशांत निघाली. बंगल्याच्या दाराशी दोन संगमरवरी हत्ती आणि ते कुठून आणले हे सांगणारे यजमान. जेवणं झाल्यावर बायकांनी मला पाटावर बसवलं. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून काही नाही, म्हणून कोणाचा तरी दीड वर्षाचा मुलगा माझ्या मांडीवर दिला. शुभ असतं म्हणे. त्याचं नाक वाहत होतं, गालांवर गुलाबी पुरळ होतं. "घामोळं आहे," त्याची आई म्हणाली.

नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि नेमकं तेच लपवायचं होतं. मूल व्हावं म्हणून मांडीवर मूल आणि पोटात आधीच मूल. सासूबाईंना हे माहीत होतं. त्या समोर उभ्या राहून हसत होत्या. मुलाने माझ्या पदराला नाक पुसलं.

दोन-अडीच आठवड्यांनी मला बारीक ताप आला. कानांमागे गाठी आल्या, बोटांचे सांधे दुखायला लागले आणि चेहऱ्यापासून सुरू झालेलं पुरळ पोटापर्यंत उतरलं. तीन दिवसांत सगळं गेलंही. रुबेलाचा हाच सभ्यपणा घातक आहे. मोठ्या माणसाला तो फारसा त्रास देत नाही, त्यामुळे त्याला कोणी आजारही म्हणत नाही.

माझे स्त्रीरोगतज्ज्ञ मोठे होते. किती मोठे हे त्यांच्या वेटिंग रूममध्ये बसून कळायचं, कारण तिथल्या चारही भिंतींवर ते शाल आणि नारळ घेत होते. आत गेल्यावर त्यांनी माझ्या हाताकडे लांबूनच पाहिलं. "गरमी. सुरतमध्ये कोणाला होत नाही?" पॅरासिटामॉल आणि कॅलामाइन लिहून दिलं. रक्त तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर गर्भाचे डोळे, कान, हृदय, मेंदू यांतलं काहीही बिघडू शकतं, हे सांगता आलं असतं. मग काय करायचं ते आम्ही ठरवलं असतं. ठरवण्याचा तो हक्क एका लांबच्या नजरेत गेला.

त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गर्भसंस्काराचे वर्ग होते. तिथल्या ताई सांगायच्या की गर्भ सगळं ऐकतो. सासूबाई रोज संध्याकाळी माझ्या पोटाशी छोटा स्पीकर लावून श्लोक वाजवायच्या. मी सुरतच्या भेस्तान भागातल्या आमच्या दोन खोल्यांत पाय पसरून बसायचे आणि पुस्तक वाचायचे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, गोंगाटात वाचायची सवय आहे.

मुलगी घरी येण्याआधी दोन तपासण्या झाल्या. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात पीडीए निघालं, म्हणजे जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी हृदयाजवळची एक नळी उघडी राहिलेली. लहान आहे, लक्ष ठेवू, असं ठरलं. दुसरी बेरा. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्र बघतं. बाळ झोपेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. सगळ्या आया आपापलं मूल झोपवत असतात.

दोन्ही कानांत नव्वद डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही. म्हणजे शेजारी ढोल वाजला तरी तिला कळणार नव्हतं. सगळे श्लोक मी एकटीनेच ऐकले होते.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि हीच फारशी कोणाला माहीत नसते. "जुओ बेन, बघा, या बाळाच्या लाळेतून, लघवीतून वर्षभरसुद्धा विषाणू बाहेर पडू शकतो. लस न घेतलेल्या कुठल्याही गरोदर बाईजवळ तिला द्यायचं नाही. कोण गरोदर आहे हे आधी विचारायचं."

सुहास, माझा नवरा, विमा कंपनीत आहे. गाडी चालू करताना तो म्हणाला, "आपल्या नात्यात हे विचारणार कोण?"

"मी."

बारसं सव्वा महिन्यानंतर ठरलं. सासूबाईंना पार्टी प्लॉट, म्हणजे समारंभांसाठी भाड्याने मिळणारं मैदान, हवा होता. मी घर म्हणाले आणि दाराला पुठ्ठ्याची पाटी अडकवली: 'आपण गरोदर आहात का? असल्यास आत येऊ नये. सांगायचं नसल्यासही येऊ नये.' खाली तेच गुजरातीत.

सासूबाई मूळच्या धरणगावच्या. चिडल्या की अहिराणीवर येतात. "काय सांगी ऱ्हायनी तू? लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते बाहेर उभे राहून म्हणतील."

मी दारातच खुर्ची टाकून बसले. सत्तरीच्या एक काकू पाटी वाचून म्हणाल्या, "मलाही विचारतेस का गं?"

"पाटी सगळ्यांना आहे, काकू."

"मग नाही म्हणून लिही. तुझे काका गेल्याला बारा वर्षं झाली."

तेवढ्या एका बाईने त्या दिवशी मला हसवलं. बाकीच्या तोंडं वाकडी करून आत गेल्या. शेजारची नवी सून पाटी वाचून परत फिरली. तिच्या सासूने मला नंतर महिनाभर ओळख दाखवली नाही.

मग किंजल आली. माझी नणंद, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मागच्या वर्षी बारडोलीलाच लग्न होऊन गेलेली. बारशात मान आत्याचा. तिने बाळाला जवळ घ्यायचं, कानाशी तोंड नेऊन कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. ती नवी साडी नेसून, चांदीचे वाळे घेऊन आली होती.

"तुलाही विचारायचंय," मी म्हणाले.

सासूबाई आतून धावत आल्या. "तिला काय विचारतेस? ती घरची आहे."

"म्हणूनच. ती बाळाला सगळ्यात जवळ घेणार आहे."

किंजलने आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे. एवढ्यावर कळलं, पण मला ते ऐकायचं होतं. घर भरलेलं होतं आणि सगळे दाराकडे बघत होते.

"वहिनी, मम्मीने ना पाडी होती, कोणाला सांगू नको म्हणून," ती म्हणाली. चिडली किंवा घाबरली की ती निम्मं गुजराती बोलते. "दुसरा महिना चाललाय."

"आणि दवाखान्यात तू तिला घेतलं होतंस. मुका घेतला होतास."

"तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं?"

ती दोन पावलं मागे सरकली आणि वाळ्यांची डबी छातीशी धरून जिन्यात उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, "आता तमाशा झालाच आहे, तर निदान नाव तरी सांगू दे. लांबून कसं सांगणार? बाळाला ऐकू..." आणि थांबल्या.

"तिला जवळूनही ऐकू येणार नाही," मी म्हणाले. "तेव्हा लांबूनच सांगू दे."

किंजलने जिन्यातून नाव सांगितलं. रेवा. आवाज बराच मोठा काढला. वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. पाळण्यात रेवा आपल्या मुठीकडे बघत होती.

दुसऱ्याच दिवशी किंजलचं रक्त तपासायला दिलं. आयजीएम नवीन संसर्ग सांगतं, आयजीजी जुनं संरक्षण. आयजीएम नको आणि आयजीजी हवं, एवढं सासूबाईंना मी पढवलं. रिपोर्ट येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. देवापुढे बसून असायच्या. माझ्या मुलीच्या रिपोर्टसाठी कोणी बसलं नव्हतं, हे मी मनात नोंदवून ठेवलं. ते अजून खोडलेलं नाही.

आयजीएम निगेटिव्ह. आयजीजी भरपूर.

"म्हणजे हिने लस घेतलेली असणार," डॉक्टर म्हणाले.

"छे," सासूबाई म्हणाल्या. "शाळेत गोवर-रुबेलाची मोहीम आली तेव्हा मी हिला घरी ठेवलं होतं. मोबाइलवर आलं होतं, त्या इंजेक्शनने मुलींना मूल होत नाही."

किंजल खाली बघत म्हणाली, "मम्मी, राहिलेल्यांसाठी त्या नर्सबाई पुढच्या आठवड्यात परत आल्या होत्या. सगळ्या मैत्रिणींनी घेतलं, मीपण घेतलं. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही."

आमच्या घरात लपवलेल्या गोष्टींपैकी ही एक उपयोगी पडली.

मी लहान असताना सरकारी दवाखान्यात फक्त गोवराची लस मिळायची. गोवर वेगळा, रुबेला वेगळा. 'लहानपणी सगळ्या लसी झाल्यात' या वाक्यावर विसंबू नका. लग्न ठरलं की पत्रिकेआधी आयजीजी बघा. नसेल तर लस घ्या आणि त्यानंतर किमान महिनाभर दिवस राहू देऊ नका. लस जिवंत विषाणूची असते, गरोदरपणात देत नाहीत. गरोदरपणात पुरळ आलं आणि डॉक्टर लांबून बघत असेल, तर त्याच्या भिंतीवरचे फोटो मोजत बसू नका, दुसरा डॉक्टर गाठा. आणि दिवस गेल्याचं लपवू नका. नजर लागून बहिरं झालेलं मूल मी पाहिलेलं नाही. दुसरं पाहिलं आहे.

आभार मानायची रीत आहे. त्या परत आलेल्या नर्सबाईंचे मानते. नाव किंजलला आठवत नाही.

किंजलच्या सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. आता रेवाच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत, पुढे कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करायची आहे. ऐकणारं यंत्र कानाच्या आत बसवतात. मांडीवर मूल द्यायची वेळ आली तेव्हा किंजल म्हणाली, "मला रेवा द्या." डॉक्टरांनी तिच्यापुरती परवानगी दिली होती. इतरांचं काय, हे मी विचारणार, एवढ्यात दाराकडून आवाज आला.

सासूबाई माझी पुठ्ठ्याची पाटी हातात धरून उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत होत्या, दिवस गेलेत का, लस झाली आहे का. जणू हा शोध त्यांचाच.

"लपवायचं असेल तर घरी लपव," त्या कोणाला तरी म्हणाल्या. "इथे आमचं मूल आहे."

मी रेवाला किंजलच्या मांडीवर ठेवलं. किंजलने रेवाच्या कानातल्या यंत्राशी तोंड नेऊन कुर्र केलं. रेवा दचकली आणि रडायला लागली.

मी तिला लगेच उचललं नाही. थोडा वेळ तिला रडू दिलं.